पंप मारतोय, कॉफी येत नाही: अस्सल आणि नकली हातयंत्रांचं परत परत उलटणारं दुखणं

तक्रार बहुतेक वेळा एकाच चालीची असते. पहिले पंधरा-वीस दिवस हाताने पंप मारून एस्प्रेसो, म्हणजे पुडीतून दाबाने पाणी रेटून काढलेली दाट कॉफी, करायचं यंत्र झकास चालतं. मग एके सकाळी पंप मारावा तर दट्ट्या लोण्यात शिरल्यासारखा खाली जातो आणि कपात चार थेंब पडतात. सगळं सुटं करून, धुऊन, सुकवून पुन्हा जोडलं की दोन दिवस बरं. तिसऱ्या दिवशी ये रे माझ्या मागल्या.

त्यावरचे सल्लेही ठरलेले. दळण जाडसर करा, कॉफी कमी भरा, पाणी जास्त तापवा. मी हे सगळं महिनाभर इमानेइतबारे केलं. दळण जाड केल्यावर कॉफी वाहायला लागली खरी, पण तिच्यात आणि चोथा धुतलेल्या पाण्यात फारसा फरक उरला नाही. यंत्र नकली आहे हे मला ठाऊक होतं. पण ‘नकली आहे म्हणून’ हे काही निदान नव्हे. ताप आलाय म्हणून आजारी आहे, असं म्हणण्यासारखं ते झालं. शेवटी एका रविवारी अस्सल यंत्र आणि त्याची नक्कल शेजारी शेजारी घेतली आणि दोन्ही वर्तमानपत्रावर शेवटच्या वॉशरपर्यंत सुटी केली. खाली लिहिलंय ते बरंचसं त्या दुपारचं आहे.

बोलणं मुख्यतः पंपाच्या यंत्राबद्दल आहे. म्हणजे टाकीत गरम पाणी, समोर छोट्या बास्केटमध्ये कॉफीची पूड, आणि बोटांनी किंवा तळहाताने मारायचा पंप. वाकाकोचं नॅनोप्रेसो हे या जातीतलं सर्वांत ओळखीचं नाव: ८ ग्रॅम पूड, ८० मिली पाणी आणि कंपनीच्या म्हणण्यानुसार जास्तीत जास्त १८ बार दाब. याच घाटाच्या नकला सगळीकडे दिसतात. एरोप्रेससारखं सरळ नळकांडं आणि बॅटरीवर पाणी तापवणारी यंत्रं यांची दुखणी वेगळी, त्यांच्याकडे शेवटी येतो.

आधी कॉफीला वगळा

पहिली चाचणी कॉफीशिवाय करायची. टाकीत पाणी भरा, बास्केट रिकामी ठेवून यंत्र नेहमीसारखं जोडा आणि पंप मारा. पहिले काही दाब हवा बाहेर काढण्यात जातात, त्याची काळजी नको. त्यानंतर प्रत्येक दाबाला पाण्याची चिळकांडी आली पाहिजे, आणि प्रत्येक वेळी साधारण तेवढीच.

पाणी नीट येत असेल तर पंप ठीक आहे, दोष बास्केट आणि पूड यांच्यात आहे. पाणीच नीट येत नसेल तर दळणावर आणखी एक दिवसही घालवू नका. इतकी साधी गोष्ट, पण ती करायला मला महिना लागला. कारण कॉफी बिघडली की माणूस कॉफीकडेच बघतो.

ही चाचणी करताना आणखी एक काम उरकून घ्या. पूर्ण भरलेली टाकी किती दाबांत रिकामी होते ते मोजा आणि आकडा कुठेतरी लिहून ठेवा. माझ्या अस्सल यंत्राला पन्नासच्या आतबाहेर दाब लागतात आणि वर्षभरात त्यात दोन-तीनचाच फरक पडला. नकलेचा आकडा पहिल्या दिवशी जवळपास तेवढाच होता. पाचव्या आठवड्यात तो पंचाहत्तरच्या पुढे गेला होता, म्हणजे दर तीन दाबांतला एक वाया जात होता. कॉफीची चव बिघडण्याच्या बऱ्याच आधी हा आकडा वाढायला लागतो.

पाणी जातं कुठे

पंपाची रचना सायकलच्या पंपापेक्षा फार वेगळी नाही. एक बारीक दट्ट्या, त्याभोवती रबरी रिंग, आणि दोन एकमार्गी झडपा. दट्ट्या वर येताना टाकीकडची झडप उघडते आणि पाणी आत येतं. दट्ट्या खाली जाताना ती मिटते आणि कॉफीकडची उघडते. म्हणजे पाण्याला चुकीच्या वाटेने जायला तीनच जागा आहेत, आणि प्रत्येक जागेची खूण वेगळी आहे. ही खूण ओळखता आली की अर्धं काम झालं.

दट्ट्या सहज खाली जातोय आणि टाकीत बुडबुडे उठताहेत, तर टाकीकडची झडप मिटत नाही. तुम्ही दाबलेलं पाणी परत टाकीतच जातंय.

टाकीतलं उरलेलं पाणी तपकिरी दिसतंय, तर कॉफीकडची झडप गळतेय. दट्ट्या वर येताना टाकीऐवजी कॉफीतूनच पाणी मागे ओढतो, आणि त्याबरोबर बारीक पूडही. ही खूण दिसली की दुर्लक्ष करू नका, कारण ती स्वतःला वाढवत नेते. मागे आलेली पूड झडपेत अडकते, झडप आणखी गळते, आणखी पूड मागे येते. ‘साफ केलं की दोन दिवस बरं’ याचं सगळ्यात सामान्य कारण हेच. तुम्ही पूड काढता, झडप दोन दिवस मिटते. पण ती मुळात पूर्ण मिटतच नव्हती, म्हणून पूड पुन्हा येते.

आणि दट्ट्याच्या मुठीभोवती ओल येतेय, हाताला गरम पाणी लागतंय, तर रिंग गेली.

झडपेत पूड अडकली असेल तर इलाज सोपा आहे. गरम पाण्यात भांड्याच्या साबणाचे दोन थेंब टाकायचे, ते टाकीत भरायचं आणि बास्केट काढून ठेवून वीस-तीस दाब मारायचे. मग अर्धा तास तसंच राहू द्यायचं आणि पुन्हा मारायचं. नंतर साध्या पाण्याने दोन टाक्या. पाणी जड असेल तर झडपेवर पांढरा क्षार बसतो. त्याला लिंबूसत्त्व, लिटरभर पाण्याला साधारण २० ग्रॅम. अ‍ॅल्युमिनियमचे भाग मात्र त्यात भिजत ठेवू नका. टाचणी किंवा सुई झडपेत घालायचा मोह होतो. घालू नका. झडपेतली सिलिकोनची पाकळी एकदा चिरली की खेळ आटोपला.

साबणाने सुधारलं आणि आठवड्याने पुन्हा बिघडलं, तर झडप घाण नाही, वाकडी आहे. अस्सल यंत्राच्या झडपेची पाकळी मी नखाने दाबली तेव्हा ती लगेच जागेवर आली, दोन्ही ओठ एकमेकांना लागलेले. नकलेची आली, पण आळसावून, आणि उजेडासमोर धरल्यावर ओठांमध्ये केसाएवढी फट दिसत होती. नव्या यंत्रात ही फट नसावी किंवा इतकी कमी असावी की जाणवू नये. रोज नव्वदीच्या घरातलं पाणी सोसून ती वाढत गेली.

अर्ध्या कपानंतर अडणारा पंप

हे माझं खास दुखणं होतं आणि ते सापडायला सगळ्यात जास्त वेळ लागला, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

झडपा साफ, रिंग बरी, रिकाम्या बास्केटची चाचणी सुरुवातीला उत्तम. पण पाव कप झाला की दट्ट्या वर यायला कुरकुर करायचा. अर्ध्या कपाला तो अर्ध्यातच थांबायचा. मी वैतागून टाकी फिरवून काढायचो, आत पाणी आहे ना ते बघायचो, पुन्हा लावायचो आणि पंप सुरळीत चालू! दोन-तीनदा असं झाल्यावर एकदा टाकी सैल करताना बारीक ‘फुस्स’ ऐकू आलं. तेव्हा डोक्यात उजेड पडला.

टाकी चहूबाजूंनी बंद असते. त्यातलं पाणी बाहेर गेलं की त्याच्या जागी हवा आत यायला हवी. नाही आली तर आत पोकळी तयार होते आणि पंपाला त्या पोकळीशी झगडून पाणी ओढावं लागतं. म्हणून टाकीला कुठेतरी श्वास घ्यायला जागा ठेवलेली असते: एखादं बारीक छिद्र, आट्यांमधली खाच किंवा छोटी झडप. अस्सल यंत्रात ती खाच स्वच्छ कापलेली होती. नकलेतही होती, कारण साचा हुबेहूब उतरवलेला. फक्त साच्यातून बाहेर पडताना राहिलेली प्लास्टिकची पातळ पापुद्री तिच्यावर तशीच होती. बनवणाऱ्याने खाच नकलली, ती कशासाठी आहे हे त्याला माहीत असायचं कारण नव्हतं.

दात कोरायच्या लाकडी काडीने ती पापुद्री खरवडली. पाच मिनिटांचं काम. अर्ध्या कपाचं दुखणं त्या दिवसापासून गेलं.

तुमच्या यंत्रात ते आहे का हे ओळखायचं असेल तर पंप अडल्यावर टाकी पाव फेरी सैल करून बघा. दट्ट्या मोकळा झाला तर रोग हाच. पण त्याआधी एक पथ्य: बास्केटमध्ये दाब अडकलेला असतो, तेव्हा कॉफीकडचं झाकण त्या क्षणी अजिबात उघडायचं नाही. टाकीकडची बाजू, तीही हळू, तोंडापासून लांब धरून.

रबरी रिंग: खरा फरक इथे आहे

बाहेरून बघितलं तर नकली रिंग ओळखूच येत नाही. दोन्ही काळ्या, दोन्ही मऊ. फरक वापरात दिसतो.

रिंग दाबली गेली की ती बाजूच्या भिंतीवर रेटा देते, त्या रेट्यानेच पाणी अडतं. रबर कायम दाबलेलं आणि वर गरम राहिलं की हळूहळू त्याच आकारात बसून जातं, मग रेटा उरत नाही. चांगलं सिलिकोन २०० अंशांच्या आसपासची उष्णता सहन करतं, त्याला कॉफीचं पाणी म्हणजे काहीच नाही. स्वस्त रबर किंवा रबरासारखं दिसणारं मऊ प्लास्टिक मात्र उकळत्या पाण्याच्या जवळ आलं की थकायला लागतं. चाचणी सोपी आहे. रिंग काढून पांढऱ्या कागदावर ठेवा आणि कडेने बघा. गोल काप चपटा झालाय का? एका बाजूला सपाट पट्टी दिसतेय का? दिसत असेल तर ती रिंग संपली. उलटी करून बसवली की थोडे दिवस निघतात, तेवढंच.

रिंगेला तेल, तूप, पेट्रोलियम जेली यांतलं काही लावू नका. काही रबरं तेलाने फुगतात, आणि न फुगणाऱ्यांवर ते तेल खवट होऊन कॉफीत उतरतं. पाण्याने ओली करून बसवली की पुरतं.

मग नवी रिंग घ्यायची, नाही का? इथेच नकलेची खरी गोम आहे. मी अस्सल यंत्राची सुटी रिंग आणली आणि नकलेत घालायला गेलो. बसली नाही. व्हर्नियरने मोजलं तर नकलेची खोबण जेमतेम ०.४ मिमी उथळ होती. डोळ्याला न दिसणारा फरक, पण अस्सल रिंग घातली की दट्ट्या हलायलाच तयार नाही. आणि नकलेच्या मापाची रिंग कुठे मिळते? कुठेच नाही, कारण ते माप कुणी ठरवलेलंच नव्हतं, ते साचा उतरवताना झालेलं आहे. दोन नकला आणल्या तर त्यांची मापंही एकमेकींशी जुळतील याची खात्री नाही.

मी शेवटी हार्डवेअरच्या दुकानात मिळणारा ओ-रिंगचा मिश्र डबा चाळून जवळची एक रिंग बसवली. चालते. पण त्या रिंगा पाण्याच्या नळासाठी असतात, खाण्यापिण्यासाठी बनवलेल्या नसतात. त्यामुळे त्या यंत्राची कॉफी मी कुणाला दिली नाही आणि स्वतःही चाचणीपुरतीच घेतली. खाद्य दर्जाचं सिलिकोन असं स्पष्ट लिहिलेली रिंग योग्य मापात मिळाली, तरच हा उद्योग करावा.

पंप ठीक, तरी कॉफी वाईट

रिकाम्या बास्केटची चाचणी पास झाली असेल तर हा भाग तुमच्यासाठी.

बास्केट उजेडासमोर धरा. सगळीकडून सारखे ठिपके दिसले पाहिजेत. काही भोकं बंद असतील तर गरम पाणी आणि साबणात रात्रभर भिजवून मऊ ब्रशने घासा. भोकं मोकळी आहेत पण काही मोठी, काही लहान आहेत, कडांना बोट लावल्यावर खरखर जाणवतेय, तर तो बनावटीतला दोष आहे आणि तो जात नाही. पाणी मोठ्या भोकांकडे धावतं, तिथल्या पुडीतून अर्क जास्त उतरतो आणि कडू लागतो, बाकीच्या पुडीतून अर्धवटच उतरतो आणि आंबट लागतो. म्हणून एकाच घोटात कडू आणि आंबट दोन्ही लागतं.

अनेक नकलांमध्ये बास्केटचा तळ दुहेरी असतो: आत बरीच भोकं, बाहेर एकच सुईच्या टोकाएवढं. त्या एका भोकातून जोरात आल्यामुळे कॉफीवर जाड फेस येतो आणि चित्रात छान दिसतो. तो फेस पाण्याच्या फवाऱ्याने झालेला असतो, दळणाशी त्याचा फारसा संबंध नाही. मिनिटाभरात बसतो. दुहेरी तळ म्हणजे नकली असं मात्र समजू नका. काही चांगल्या यंत्रांतही मुद्दाम तो देतात, कारण त्यात साधारण दळणही चालून जातं. वाकाकोच्याच पिकोप्रेसोत तो नाही, तिथे ५२ मिमीची उघडी बास्केट आणि १८ ग्रॅम पूड, आणि म्हणून दळण अगदी नेमकं लागतं. बारीक दळून दुहेरी तळाच्या बास्केटमध्ये घातलं तर मात्र ते एकुलतं एक भोक चोंदतं. त्यासाठी दळण थोडं जाड करा, एवढ्यापुरता तो नेहमीचा सल्ला बरोबर आहे.

सोबत येणाऱ्या चमच्यावर विश्वास नको. तराजूवर वजन करा.

कॉफी नुसतीच आंबट आणि पातळ लागत असेल तर पाणी थंड होतंय. एस्प्रेसोला साधारण ९० ते ९६ अंशांचं पाणी लागतं आणि ही यंत्रं लहान असल्यामुळे थंड धातू आणि जाड प्लास्टिक त्यातली बरीच उष्णता गिळतात. कॉफी घालण्याआधी एक टाकी उकळतं पाणी नुसतं पंप करून टाकून द्या. डोंगरावर गेलात तर हेही लक्षात ठेवा की दर ३०० मीटर उंचीला पाण्याचा उकळबिंदू जवळजवळ १ अंशाने उतरतो. ३००० मीटरवर पाणी नव्वदीलाच उकळतं. तिथे आंबट कॉफीचा दोष यंत्राला देऊ नका, ते अस्सल असो वा नकली.

खोक्यावरचे बार

खोक्यावर ‘२० बार’ छापलंय आणि तरी कॉफी पातळ का? जरा हिशेब करू. १ बार म्हणजे ढोबळमानाने चौरस सेंटिमीटरला १ किलोचा भार. दट्ट्याचा व्यास १२ मिमी असेल तर त्याचं क्षेत्रफळ १.१ चौरस सेंमीच्या आसपास, म्हणजे एस्प्रेसोच्या ९ बारसाठी साधारण १० किलोचा रेटा. तळहाताला हे जमतं. म्हणून पंपाच्या यंत्रांचा दट्ट्या इतका बारीक असतो.

आता एरोप्रेससारखं नळकांडं घ्या, आतला व्यास सुमारे ६० मिमी. क्षेत्रफळ २८ चौरस सेंमी. त्यात ९ बार आणायचे तर दट्ट्यावर अडीचशे किलोहून जास्त वजन ठेवावं लागेल. २५-३० किलो रेटून मिळतो तो १ बारच्या आसपास. असल्या रुंद नळकांड्यावर कुणी १५ किंवा २० बार लिहिलं असेल तर खोकं तिथेच खाली ठेवा. उरलेली माहितीही त्याच हाताने लिहिलेली असणार. अस्सल एरोप्रेस एस्प्रेसोच्या दाबाने चालत नाही आणि त्याची कॉफी त्यामुळे वाईटही होत नाही, ती वेगळी असते.

एरोप्रेसचा विषय निघालाच आहे तर. अ‍ॅलन अ‍ॅडलर या संशोधकाने ते २००५ मध्ये बाजारात आणलं. उडत्या तबकडीसारखी फेकून खेळायची ‘एरोबी’ कडी त्यांचीच. तेव्हापासून त्याचं प्लास्टिक बदलत आलंय: आधी पॉलिकार्बोनेट, २००९ पासून बीपीए (काही प्लास्टिकांत असणारं, आरोग्याच्या दृष्टीने शंका घेतलं जाणारं रसायन) नसलेलं, २०१४ पासून पॉलिप्रॉपिलिन. त्यामुळे रंग आणि पारदर्शकपणाही बदलले. ‘माझं मित्राच्या यंत्रापेक्षा वेगळं दिसतं, म्हणजे नकली’ असा धसका घेण्याआधी दोन्ही कोणत्या वर्षाची आहेत ते विचारा. या जातीत नेहमीचं दुखणं म्हणजे दाबताना वरून हवा सुटते आणि दट्ट्या घसरत खाली जातो. कारण पुन्हा रबर. वापरून झालं की दट्ट्या पूर्ण आरपार ढकलून किंवा बाहेर काढून ठेवावा, मधेच अडकवून ठेवला की रबर दबलेलं राहतं आणि बसून जातं. अस्सल असो वा नक्कल, ही सवय लावली तर रबराचं आयुष्य वाढतं.

बॅटरीवर पाणी तापवणारी यंत्रं

इथे तक्रार असते की पाणी कोमट होऊन यंत्र बंद पडतं. ८० मिली पाणी २५ अंशांवरून ९२ पर्यंत न्यायला सुमारे २२.५ किलोज्यूल लागतात, म्हणजे ६.२ वॉट-तास. गळती धरून आठ समजा. ७५०० एमएएच, ३.७ व्होल्ट असं लिहिलेल्या बॅटरीत जवळपास २८ वॉट-तास असायला हवेत, म्हणजे तीन कप. एकातच मान टाकत असेल तर आतला आकडा आणि बाहेरचा आकडा वेगळे आहेत.

खात्री करायची असेल तर यंत्र पूर्ण संपू द्या आणि ५ व्होल्ट, २ अँपिअरच्या चार्जरला लावून वेळ मोजा. तो चार्जर तासाला १० वॉट-तासांपेक्षा जास्त देऊच शकत नाही. २८ वॉट-तासांची बॅटरी भरायला त्याला तीन तास तरी लागले पाहिजेत. तासाभरात हिरवा दिवा लागला तर आत १० वॉट-तासही नाहीत. इथे दुरुस्ती काहीच नाही. बॅटरी फुगलेली दिसली, चार्ज होताना हाताला चटका बसला किंवा गोडसर रासायनिक वास आला तर ते यंत्र पुन्हा चार्ज करायचं नाही.

कधी सोडून द्यायचं

आट्यांच्या मुळाशी पांढरट रेषा किंवा केसासारख्या चिरा दिसल्या तर त्या क्षणी वापर बंद. प्लास्टिक ताणाने थकल्याची ती खूण आहे, आणि दाबाखालचं उकळतं पाणी हाताच्या अगदी जवळ असतं. डिंक, टेप, काही नाही. यात अस्सल यंत्रालाही सवलत नाही.

प्लास्टिकचा वास येत असेल तर टाकीत उकळतं पाणी भरून तासभर ठेवा, मग ते पाणी कपात ओतून वास घ्या. नव्या यंत्राला एक-दोनदा वास येणं समजू शकतो. पाचव्यांदाही आला तर त्यात कॉफी करू नका.

शेगडीवरच्या मोका भांड्याची नक्कल असेल तर बाजूची सुरक्षा-झडप बघा. ती अडकली असेल, तिच्यात हालचाल नसेल किंवा नुसतीच शोभेला लावलेली वाटत असेल, तर तिथे प्रयोग नकोत. पंपाच्या यंत्रात दाब तुमच्या हातात असतो, हात थांबला की दाब वाढायचा थांबतो. शेगडीवर तो कुणाच्या हातात नसतो.

आणि स्वस्त म्हणजे लगेच नकली असंही नाही. पेटंट साधारणपणे अर्ज केल्यापासून २० वर्षांनी संपतं, त्यानंतर तोच घाट कुणीही उघडपणे बनवू शकतो, आणि काहीजण तो स्वतःच्या नावाने चांगला बनवतात. मी खोट्या नावाच्या यंत्राला घाबरतो, स्वस्त यंत्राला नाही. विकत घेण्याआधी मी आता एकच गोष्ट बघतो: या यंत्राची रिंग, झडप आणि बास्केट सुटी मिळते का. बनवणारा सुटे भाग विकत असेल तर त्याने मापं लिहून ठेवली आहेत आणि पुढच्या वर्षीही तीच पाळायचा त्याचा इरादा आहे. खोटं नाव छापायला मिनिट लागतं, पण सुट्या भागांचा साठा ठेवायला नकली मालवाल्याला काहीच कारण नसतं.

माझं नकली यंत्र अजून घरात आहे. टाकीची खाच मोकळी आहे, डब्यातली ओ-रिंग बसवलेली आहे, आणि झडपेची फट तशीच आहे. गेल्या आठवड्यात पुन्हा नुसत्या पाण्याने मोजलं. टाकी रिकामी व्हायला ब्याऐंशी दाब लागले.